पलंग मोडला, मजला जमला

पलंग माणूस झोपलेला असताना सहसा मोडत नाही. पाहुणे बसलेले असताना मोडतो. झोपलेल्या माणसाचं वजन अख्ख्या गादीवर पसरतं आणि पाहुणे मात्र टीपॉय ज्या कडेला असेल त्या कडेला एकवटतात, एवढं साधं त्याचं शास्त्र आहे. आमचा पलंग मोडला तेव्हा त्या कडेवर मुरबाडची आत्या, तिची सून आणि सुनेची जाऊ अशा तिघी पोह्यांच्या बशा घेऊन बसल्या होत्या. आतून काडकन आवाज आला, मधला भाग चार बोटं खाली गेला आणि आत्या बशी सावरत म्हणाली, "मी मघापासून हलले पण नाही हो!" सून जावेकडे बघायला लागली. आमच्या ह्यांनी "काही नाही, काही नाही, बसा" म्हणत तिघींना पुन्हा त्याच पलंगावर बसवलं. आदरातिथ्य म्हणजे आणखी काय असतं!

शहाड म्हणजे कसारा लाइनवर कल्याणनंतरचं पहिलं स्टेशन. एका अंगाला रेयॉनचा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ, दुसऱ्या अंगाला मोहन्याचा रस्ता आणि उल्हास नदी. इथे घर घेतो तो माणूस मुंबईच्या मानाने स्वस्त पडतं म्हणून घेतो, आणि घेतल्यावर त्याच्या लक्षात येतं की बिल्डरने हॉल दिलाय, किचन दिलंय, बेडरूम दिलीय, पण सामान ठेवायला जागा दिलेली नाही. जुन्या चाळीत निदान पोटमाळा असायचा. मग सगळी भिस्त बॉक्सबेडवर. आमच्या भागात पलंग हे झोपायचं साधन नाहीच. ते गोदाम आहे आणि त्याच्या छपरावर रात्री झोपायची मुभा आहे.

हे एकदा ध्यानात घेतलं की पलंग का मोडतात ते कळतं आणि ते दुरुस्त का होत नाहीत तेही कळतं.

दुरुस्तीसाठी मी आधी रीतसर मिस्त्री शोधला. पहिला फोनवर म्हणाला, "रिपेरिंग का काम अब कोई नहीं करता भाभी, नया बनाना है तो बोलो." दुसऱ्याने फोटो मागवला, फोटो बघून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि अंतर्धान पावला. तिसरा मराठी होता, त्यामुळे तो "उद्या येतो" म्हणाला.

त्यांचंही चुकत नाही. नव्या कामाचा दर स्क्वेअर फुटावर ठरतो. मोडक्या पट्टीचे स्क्वेअर फूट काय मोजणार? पट्टी तीन इंच रुंद, खरं काम तासाभराचं. पण त्याआधी पलंग रिकामा करायचा, नंतर भरायचा, आणि मधल्या वेळात पितळेचा हंडा हाती लागला की घरातली बाई त्या हंड्याचा जो इतिहास सांगेल तो उभ्याने ऐकायचा. ह्या शेवटच्या कलमाचा दर कुठल्याच मिस्त्रीच्या वहीत नसतो.

गावच्या सुताराला पूर्वी असं नाही म्हणायची सोय नव्हती. बारा बलुतेदारांतला तो एक. नांगर, तिफण, गाडीचं चाक, वर्षभरात जे मोडेल ते नीट करायचं आणि सुगीला खळ्यावर येऊन आपलं बलुतं घेऊन जायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ह्या व्यवस्थेची चिरफाड केली आहे, आणि तिच्यातला जाच मला काही परत आणायचा नाही. पण मोडलेली वस्तू हे तेव्हा सुताराचं रोजचं काम होतं. आता मोडलेली वस्तू ही नव्या वस्तूची जाहिरात झाली आहे.

ती जाहिरात आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावरच लागलेली असते, कारण उल्हासनगरचा फर्निचर बाजार. तिथे एका दुकानात मी नुसती पट्टी मिळेल का म्हणून विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी साड्यांच्या दुकानात जाऊन नुसता काठ मागितला असावा. "ताई, जुनं ठेवून काय करता? आज सांगा, उद्या नवा पलंग घरात." आणि जुना? "तो तोडून टाकायचा." ज्या लोकांनी फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन शहर उभं केलं, १९४९ साली त्याला नाव मिळवलं, त्यांना एका पट्टीसाठी रडणाऱ्या बाईचं कौतुक का वाटावं?

पण "तोडून टाकायचा" हे खरं होतं. आमचा पलंग सबंध बाहेर निघूच शकत नाही. तो त्या खोलीतच जन्मला. घराचा ताबा मिळाला त्या महिन्यात मिस्त्रीने सहा बाय सव्वासहाचं ते धूड जागेवरच फेविकॉल लावून ठोकलं. आणि बेडरूमचं दार अडीच फुटांचं आहे. होमरच्या 'ओडिसी'त असाच एक न हलणारा पलंग आहे. ओडिसिअस वीस वर्षांनी घरी परततो, पण हा आपलाच नवरा कशावरून, अशी पेनेलोपीला शंका. ती दासीला सहज म्हणून सांगते, त्यांचा पलंग जरा खोलीबाहेर घाल. त्यावर तो खवळतो, की जिवंत ऑलिव्हच्या खोडावर मी स्वतःच्या हाताने बांधलेला पलंग हलवला कुणी? खूण पटते. शहाडमध्ये पेनेलोपी फसली असती. इथे गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूससुद्धा दारातून एक नजर टाकून सांगेल, हा पलंग इथून हलायचा नाही.

दरवर्षी नवा पलंग मिळण्याचं भाग्य माझ्या माहितीत एकीचंच, तुळजापूरच्या भवानीचं. देवी वर्षातून तीनदा मंचकी निद्रा घेते. त्यातली दसऱ्यानंतरची, कोजागरीपर्यंतची निद्रा नव्या पलंगावर. तो पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात तयार होतो आणि जुन्नर, नगर करत दसऱ्याला तुळजापुरात पोचतो. आमच्या शहाडच्या पुलावरून जाणारा रस्ताही मुरबाड, माळशेज घाट चढून नगरलाच जातो. पण पलंग ह्या बाजूला वळत नाही. इकडे आपलं आपण बघायचं.

तर बघायचं ठरवलं. माझे वडील रेयॉनच्या कंपनीत फिटर होते. कंपनीचा भोंगा झाला की ते निघत आणि दुसरा भोंगा झाला की परतत. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू: तेल घालायला झालेल्या आणि तेल घालून झालेल्या. त्यांनी मागे ठेवलेली हिरव्या पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. आत पाने, पकड, करवत, गुण्या, पटाशी आणि हाताने फिरवायचं गिरमिट. ती पेटी मी बेडरूममध्ये उघडली आणि मजल्यावर बातमी गेली की वहिनी पलंग खोलतायत. ह्यांनी पेटी उघडली असती तर कुणी फिरकलंही नसतं. बाईच्या हातात गिरमिट दिसल्यावर समोरचे, बाजूचे आणि वरचे असे तीन बिऱ्हाडांचे पुरुष सल्ला घेऊन हजर झाले. चहा अर्थात मीच टाकला.

आधी पलंग रिकामा करणं. गादी उभी केली, वरच्या फळ्या काढल्या आणि आमच्या संसाराचा उलटा इतिहास वर यायला लागला. सगळ्यात वर वाडा कोलमच्या दोन गोण्या, त्यांच्या तोंडाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला. त्याखाली पाहुण्यांच्या गाद्या, ज्यांवर पाहुणे कधीच झोपत नाहीत कारण त्या काढायला पलंगावरच्या पाहुण्यांना उठवावं लागतं. मग थर्माकोलचं मखर. महाराष्ट्रात थर्माकोलला बंदी आली २०१८ साली. मखर तेव्हापासून भूमिगत आहे. मुलाची दहावीची पुस्तकं. बंद पडलेला मिक्सर आणि त्याच्या शेजारी त्याच्याआधी बंद पडलेला मिक्सर. "भंगारवाल्याला देणे" असं माझ्याच अक्षरात लिहिलेली चिठ्ठी लावलेली गोणी, जिच्या आत काय आहे ते बघितल्यावर भंगारवाल्याला द्यावंसं वाटेना. आणि तळाला दिवाळी अंक.

का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांना कल्पना नसेल, पण त्या दिवसापासून मराठी पलंगावर एक कायमचा भार पडला. दिवाळी अंक वाचून झाला तरी टाकत नाहीत. न वाचलेला तर टाकूच शकत नाहीत. ह्या अंकांवरूनच सल्लागारांत पहिली फूट पडली. समोरचे म्हणाले, मोडलेल्या पट्टीखाली हेच गठ्ठे रचा, शंभर वर्षं हलणार नाही. बाजूचे विटांचे पुरस्कर्ते. गच्चीवर सहा विटा पडल्यात, आत्ता आणतो, म्हणून निघालेसुद्धा. वरच्यांनी पलंगाकडे बघितलंच नाही. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र काढून डोकं उत्तरेला आहे हे सिद्ध केलं आणि "मोडणारच होता" असा निकाल दिला. मी त्यांच्या हातात दुसरा मिक्सर दिला आणि बाहेर हॉलमध्ये ठेवून यायला सांगितलं. कुणाच्याही हातात काहीतरी दिलं की त्याचा सल्ला निम्म्यावर येतो, हे मी त्या दिवशी वारंवार करून पाहिलं.

रोगाचं निदान मात्र बॅटरी घेऊन आत वाकल्यावरच झालं. अशा पलंगात उशापासून पायथ्यापर्यंत मधोमध एक आडवी पट्टी असते. वरच्या सगळ्या फळ्यांचं मधलं टोक तिच्यावर टेकतं. आमची पट्टी पाइनची होती आणि बरोबर गाठीवर मोडली होती. लाकडात गाठ असली की तिथे रेषा वळसा घेऊन जातात. वजन आलं की पहिली शरणागती तिथेच. पायथ्याकडचं टोक ज्या फळीत बसवलं होतं ती पार्टिकल बोर्डची, म्हणजे भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेली. तिच्यात स्क्रू एकदाच धरतो. एकदा निसटला की त्याच भोकात पुन्हा पिळून उपयोग नसतो, भोकच भुसभुशीत होतं. ह्या बोर्डाची आणि पाण्याची गाठ पडल्यावर काय होतं ते आमच्याकडच्या तळमजल्यांना २६ जुलै २००५ला कळलं. उल्हास नदी घरात येऊन गेली, प्लायवूडचे पापुद्रे सुटले, पार्टिकल बोर्ड फुगला आणि वाळल्यावरही फुगलेलाच राहिला.

पलंग आधी वर्षभर करकरत होताच. ती लाकडावर लाकूड घासल्याची तक्रार होती. ह्यांना पहाटेची लोकल असते. ते उठून बसले की एक लांब करकर आणि पाय खाली टाकले की एक आखूड. मी कूस बदलून पुन्हा झोपायची.

आता हिशेब. फळीची जाडी वाढवली की तिचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे बारा मिलिमीटरऐवजी अठरा मिलिमीटरचं प्लाय घेतलं तर ते जाड असतं दीडपट, पण वाकायला नकार देतं सव्वातीनपटीहून जास्त. पट्टीच्या लांबीचंही तसंच, फक्त उलट. मधोमध एक पाय देऊन लांबी निम्मी केली की तेवढ्याच वजनाखालचा झोल साधारण आठव्या हिश्श्यावर येतो. एवढासा लाकडाचा तुकडा आणि आठपट फायदा! आमच्या मूळ मिस्त्रीने तो पाय का दिला नाही? कारण पाय दिला असता तर आतल्या जागेचे दोन भाग झाले असते आणि मोठी ट्रंक बसली नसती. ट्रंक बसलीच पाहिजे, हा माझाच हट्ट होता असं ह्यांचं म्हणणं. ट्रंक त्यांच्या आईची आहे असं माझं.

पट्टी आणायला कल्याणच्या वखारीत गेले. वखारवाल्याने प्रथम सवयीने, बाई माणूस बघून, पुढ्यातली एक काढून दिली. मी ती उचलून एक टोक डोळ्याशी धरलं, दुसरा डोळा मिटला आणि पट्टीच्या कडेवरून लांब नजर टाकली. वडील असंच बघायचे. सरळ पट्टीची कड एका रेषेत पळत जाते. बाकदार असेल तर मधेच पोट काढते. ही पोट काढत होती. मी न बोलता परत ठेवली. दुसरीही ठेवली. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच आतून कोरडी, बिनगाठीची पट्टी आणली, कडेवरून स्वतः नजर टाकली आणि "घ्या मॅडम" म्हणाला. त्या "मॅडम"साठी मी घासाघीस केली नाही.

सहा फुटांची पट्टी आणि शेअर रिक्षा ह्यांचं जमत नाही. पट्टी आडवी घातली की दोन्ही बाजूंनी बाहेर, उभी घातली की टपाला. शेवटी ती तिरकी, ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढच्या काचेपर्यंत गेली. ड्रायव्हर म्हणाला, ह्याचं एक सीट लागेल. मागे बसलेले गृहस्थ माझ्या बाजूने उभे राहिले, म्हणजे बसूनच राहिले, आणि म्हणाले की लाकडाला कुठे बसायला जागा दिलीय, ते तर उभंय. ह्यावर वाद पुलाच्या उतारापर्यंत चालला. मी सीटचे पैसे दिले. चौथ्या सीटवर अर्धा माणूस बाहेर लोंबकळत पूर्ण भाडं देतो, त्या मानाने पट्टी आरामात आली.

मग खरं काम, जे सांगण्यासारखं सगळ्यात कमी. मोडकी पट्टी सोडवली, नवी तिच्यावर ठेवून खूण केली, कापली. भुसभुशीत झालेल्या भोकांना एक जुना उपाय आहे: काडेपेटीतल्या लाकडी काड्या, गुल मोडून टाकायचे, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरायच्या, वाळल्या की वर आलेली टोकं पटाशीने छाटायची. स्क्रूला पुन्हा धरायला लाकूड मिळतं. गुल मोडायचं काम मजल्यावरच्या पोरांनी मन लावून केलं आणि त्यांच्या आयांनी काडेपेट्या मोजून परत घेतल्या. जिथे सगळा भार येणार त्या टोकाला मात्र मी काड्यांवर विश्वास ठेवला नाही. फळीला आरपार भोक पाडून वॉशर घातले आणि नट-बोल्ट आवळले. पट्टीत गिरमिट फिरवताना लाकडाचा पिवळा कीस गोल वळत बाहेर येतो आणि खोलीभर ताज्या लाकडाचा वास सुटतो; सल्लागार त्या वेळी का कोण जाणे पण गप्प होते.

मधल्या पायाला आणि पट्टीला फेविकॉल लावला. हा पांढरा डिंक १९५९पासून आपल्या देशातली लाकडं एकत्र ठेवतोय, पण त्याला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे दाब. सांधा घट्ट दाबून रात्रभर ठेवला तर नंतर शेजारचं लाकूड तुटेल पण सांधा सुटणार नाही. शिकंजा आमच्याकडे नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पाणी येणार नव्हतं, त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक घरात पाणी भरून ठेवलेलं होतं. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो वजन. सहा कॅन उसने आणून पट्टीवर उभे केले. बाजूचे त्यांच्या विटा वापरल्या गेल्या नाहीत म्हणून जरा नाराज होते. दोन विटा घेऊन त्यांवर कॅन टेकवले तेव्हा कुठे ते जेवायला गेले. जिथे फळीवर फळी घासत होती तिथे मेणबत्ती चोळली आणि हात धुतले.

रात्री आम्ही हॉलमध्ये झोपलो. एका बाजूला तांदळाच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला मखर. ह्यांनी झोपेत मिक्सरला लाथ मारली. कुठल्या मिक्सरला ते सांगता येणार नाही.

सकाळी सामान परत भरताना मधल्या पायामुळे ट्रंक आत जाईना. ती बाहेरच राहिली. आता तिच्यावर टेबलक्लॉथ घातलाय आणि पाहुणे तिच्यावर बसतात. दिवाळी अंक वाचनालयाला द्यायचे ठरले, त्याआधी एकदा चाळून घ्यावेत म्हणून ते बाहेर आहेत, अजून आहेत. मखर परत भूमिगत झालं.

पलंग मात्र नीट झाला. हे तर त्यावर मुद्दाम मधोमध, धप्पकन बसून बघतात आणि आलेल्या-गेलेल्यालाही बसायला लावतात. "बसा, बसा, आठपट मजबूत आहे," असं सांगतात. घन वगैरे सगळं त्यांनी मला ऐकवलंसुद्धा.

तक्रार आली ती भलतीकडूनच. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून वर आले. फोर्टात नोकरीला आहेत, तेही पहाटेच्याच गाडीने जातात. चहा घेतला, पलंग बघितला, हाताने दाबून बघितला, मधला पायही वाकून बघितला. मग बराच वेळ घुटमळून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. पण वर्षभर तुमच्या पलंगाच्या पहिल्या करकरीला मी उठायचो आणि दुसरीला गॅसवर पाणी ठेवायचो. मोबाइलचा गजर मला ऐकूच येत नाही. ह्या आठवड्यात दोनदा गाडी चुकली." आणि पेल्यातला शेवटचा घोट घेऊन, "ते मेण जरा एका कोपऱ्यातलं पुसता येईल का?"